गोंदियाची नगरपालिका आणि लोकप्रतिनिधीची वाटचाल

स्थानिक स्वराज्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा कायद्यांवर स्थिरावते. परंतु कायदा केवळ सभागृह निर्माण करतो. त्या सभागृहात बसणारा मनुष्य कोठून आला, कोणत्या बळावर आला आणि तेथून पुढे कोठे गेला, या प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या कलमांत सापडत नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातील नेतृत्व सहकारी साखर कारखाना आणि जिल्हा परिषद यांच्या आश्रयाने वाढले, हे सर्वश्रुत आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील गोंदिया शहरात मात्र सार्वजनिक जीवनाची वाट नगरपालिकेवरून गेली. ती वाट कशी पडली आणि तिच्यामुळे शहराला काय लाभले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

गोंदिया हे राजधानीचे वा तीर्थाचे गाव नव्हे. ते आगगाडीने घडविलेले गाव आहे. १९०१ साली त्याची वस्ती साडेचार हजारांच्या आसपास होती आणि ते तिरोडा तहसिलीत मोडत असे. बंगाल-नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गास सातपुड्याकडे जाणारा अरुंद मार्ग येथे येऊन मिळाला आणि बालाघाट, शिवनी या भागांतील माल गोंदियाच्या बाजारात उतरू लागला. भाताच्या गिरण्या उभ्या राहिल्या. भोवतालच्या जंगलांतील तेंदूपानांमुळे विडीचा धंदा वाढला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ लाख ३२ हजारांवर पोहोचली. अशा गावात जुने वतनदार घराणे सर्वश्रेष्ठ ठरण्याचा संभव कमी असतो. मराठी, हिंदी, पोवारी, गुजराती आणि सिंधी बोलणारे लोक जेथे एकाच बाजारपेठेत वावरतात, तेथे प्रतिष्ठा कुळावरून जितकी ठरते तितकीच व्यवहारावरून ठरते.

मनोहरभाई पटेल यांचे चरित्र या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९०६ रोजी गुजरातेतील नडियाद येथे झाला. नडियाद ज्या चरोतर भागात आहे तो तंबाखूच्या पिकासाठी प्रसिद्ध. आणि गोंदियाच्या रानात तेंदूपान विपुल. या दोन मालांच्या संयोगावर विडीचा व्यापार उभा राहिला व त्या व्यापाराने पटेल घराणे गोंदियात स्थिरावले. परप्रांतातून आलेल्या व्यापाऱ्याला धन मिळविता येते. परंतु गाव त्याला आपला केव्हा म्हणते, हा निराळा प्रश्न आहे. मनोहरभाईंच्या बाबतीत त्याचे उत्तर नगरपालिकेने दिले. ते गोंदिया नगरपालिकेचे अध्यक्ष झाले व विधानसभेवरही निवडून गेले. १९५८ साली त्यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. धोटे बंधू सायन्स कॉलेज आणि नटवरलाल माणिकलाल दलाल कॉलेज ही या संस्थेची महाविद्यालये होत. १७ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

या काळात गोंदियाचे राज्यच बदलत होते, ही गोष्ट लक्षात घेणे अवश्य आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे शहर मध्यप्रदेशात होते. त्या दिवशी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. शेजारचा बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला. राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, तरी नळ, दिवाबत्ती आणि रस्ते यांसाठी नागरिकाला ज्या दाराशी जावे लागे ते दार बदलले नाही. नगरपालिकेच्या सभासदाचे महत्त्व अशा संक्रमणात वाढते, कारण दूर गेलेल्या सत्तेचा परिचित चेहरा तोच असतो.

त्या दाराची नावे मात्र बदलली. १९२२ च्या मध्यप्रांत कायद्यात ही संस्था ‘म्युनिसिपल कमिटी’ होती. महाराष्ट्राच्या १९६५ च्या कायद्याने तिला ‘नगरपरिषद’ केले. शहरातील ‘मनोहर म्युनिसिपल हायस्कूल’ या नावात जुना शब्द अद्याप टिकून आहे. सभासदाला लोक प्रथम ‘मेंबर’ म्हणत, मग ‘नगरपिता’ हा शब्द आला, आणि आज ‘नगरसेवक’ रूढ आहे. पित्याचा सेवक झाला, हा बदल केवळ विनयाचा नव्हे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. ‘नगरपिता’ हा शब्द स्त्री सभासदाला लावता येत नाही. ‘नगरसेविका’ सहज साधतो.

मनोहरभाईंचे पुत्र प्रफुल्ल पटेल १९८५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, गोंदियाचे नगराध्यक्ष झाले. १९९१ साली ते भंडारा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले आणि २००४ ते २०११ या काळात केंद्रात नागरी विमानवाहतूक खात्याचे मंत्री होते. पित्याने व्यापारातून नगरपालिकेत आणि तेथून शिक्षणसंस्थेकडे वाटचाल केली. पुत्राची वाटचाल नगरपालिकेतून संसदेकडे झाली. पहिल्या पिढीत नगरपालिका गावात मूळ धरण्याचे साधन होती. दुसऱ्या पिढीत ती राजकारणाची पहिली पायरी ठरली.

या दोन उपयोगांतील भेद महत्त्वाचा आहे. नगरपालिका केवळ पायरी झाली की तिच्यावर पाय ठेवून पुढे जाणाऱ्याची नोंद राहते, पायरीची डागडुजी करणाऱ्याची राहत नाही. नगराध्यक्षाची निवड थेट जनतेने करावी की सदस्यांनी, याविषयीचा कायदा २००१, २००६, २०१६, २०२० आणि २०२२ असा वारंवार फिरला. राज्यकर्त्यांनी शहराच्या कारभाराकडे त्याच्या स्वतःच्या प्रयोजनापेक्षा पक्षाच्या सोयीच्या दृष्टीने पाहिले, असाच याचा अर्थ निघतो.

१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्ह्याचे ठिकाण झाले. त्याचा राजकीय इतिहास लिहू पाहणाऱ्याने मंत्रिपदांची यादी अवश्य द्यावी. परंतु त्याने नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्तेही उघडावीत. आपल्या प्रभागातील गटाराचा ठराव मांडून, तो मंजूर करून घेऊन, पुढे कोठेही न गेलेला सभासद तेथेच भेटण्याचा संभव आहे. आणि स्थानिक स्वराज्य या शब्दाचा अर्थ जितका त्याच्या कामात आहे, तितका अन्यत्र नाही.