तेरेखोलची तर

मार्गशीर्ष सरून पौष लागला म्हणजे कोकणपट्टींतील रस्ते सायकलस्वारास अनुकूल होतात. पावसाळ्यांत उखडलेली वाट तोंवर सुकून बसलेली असते, लहान ओहोळ आटलेले असतात, आणि पहाटेस जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा कान झांकून घ्यावयास लावण्याइतका गार असतो. दुपारीं वारा फिरतो व समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून, वाहूं लागतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशीं, निदान उजव्या खांद्याशीं राहतो. म्हणून ज्यास वेंगुर्ल्याहून किनाऱ्याकिनाऱ्यानें सायकलीवरून पणजीस जावयाचें असेल त्यानें डिसेंबर-जानेवारीचे दिवस निवडावे आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जावें. उलट जाऊं नये. शिडाच्या गलबतांचे जुने तांडेल हेंच सांगत असत.

अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे धडधाकट माणसास एका दिवसाचें. या मार्गावर एकच ठिकाण असें आहे कीं जेथें पायांच्या बळाचा कांहीं उपयोग होत नाहीं. रेडीच्या पुढें रस्ता डोंगर चढतो, तेरेखोलच्या किल्ल्यापाशीं येतो आणि खालीं उतरून नदीच्या पाण्याशीं संपतो. समोर केरीची वाळू व सुरूचीं झाडें दिसतात, पण मधल्या पात्रावर पूल नाहीं. फेरीबोटीची वाट पाहणें एवढेंच हातीं उरतें. खाडी किंवा नदी ओलांडण्याच्या अशा जागेस कोकणांत 'तर' म्हणतात.

घरीं नकाशा पसरून बेत आंखणाऱ्याचा येथें एक समज होतो. उत्तरेस महाराष्ट्र, दक्षिणेस गोवा, मध्यें नदी. तेव्हां फेरीबोटींत पाय ठेवला कीं महाराष्ट्र सुटला आणि पलीकडे उतरलें कीं गोवा लागला. समज स्वाभाविक आहे, परंतु खरा नाहीं. या ठिकाणीं सीमा नदीवर नसून मागें डोंगरावर, किल्ल्याच्या उत्तरेस आहे, आणि सायकलस्वारानें ती चढ चढतांना ओलांडलेलीही असते. उत्तर तीरावरील तेरेखोल हें चिमुकलें गांव किल्ल्यासकट गोव्याचें आहे. फेरीबोटही गोवा सरकारच्या खात्याची. ती गोव्यांतून निघते आणि गोव्यांतच पोंचते. निसर्गानें आंखलेली एवढी ठळक रेघ समोर असतां सीमा तिला सोडून टेकडीवर कां चढली, हें समजण्यास अठराव्या शतकांत जावें लागतें.

किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. सतराव्या शतकांत तो त्यांनीं बांधला असें मानतात. जागा पाहिली म्हणजे ती निवडणाऱ्याच्या नजरेचें कौतुक वाटतें. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस नदीचें मुख, आणि नदींत शिरणारें वा बाहेर पडणारें प्रत्येक गलबत तोफेच्या टप्प्यांत. सावंतांचीं गलबतें अशाच मुखांतून समुद्रावर निघत आणि पोर्तुगिजांच्या व्यापारी जहाजांस सतावीत. मांडवीच्या तीरावरून गोव्याचा कारभार पाहणाऱ्यास हा किल्ला डोळ्यांत सलावा यांत नवल नाहीं.

व्हाइसरॉय मार्क्विस ऑफ कास्तेलो नोव्हो यानें १७४६ च्या मे महिन्यांत पेडण्यांतील आलोर्णचा किल्ला घेतला. या विजयाबद्दल पुढें त्यास आलोर्णचा मार्क्विस ही पदवी मिळाली व इतिहासांत तो त्याच नांवानें राहिला. एका आडवळणाच्या कोकणी गांवाचें नांव लिस्बनच्या सरदार घराण्यास चिकटलें, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानें तेरेखोल आणि रेडी हीं दोन्ही ठाणीं घेतलीं. रेडीचें ठाणें पुढें सावंतांकडे परत गेलें. तेरेखोल मात्र पोर्तुगिजांनीं सोडलें नाहीं.

आतां दक्षिण तीराकडे पहावें. पेडणें महाल त्या वेळीं पोर्तुगिजांच्या हातीं कायमचा आलेला नव्हता. लढाईनें घ्यावा व तहानें परत करावा, असें त्याचें कांहीं काळ चाललें होतें. सावंतवाडीचा तिसरा खेम सावंत कोल्हापूरकरांच्या चढाईनें जेरीस आला, त्यानें पोर्तुगिजांची मदत घेतली, आणि त्या मदतीच्या मोबदल्यांत १७८८ सालीं पेडणें त्यांस देऊन टाकलें. म्हणजे किल्ला आधीं आला आणि मुलूख मागाहून, बेचाळीस वर्षांनीं, आला. मुलूख आधीं आला असता तर त्याची सीमा नदीपाशीं थांबली असती. परंतु नदीपलीकडचा किल्ला हातीं असल्यानें सीमेस नदी ओलांडून जावें लागलें. तोफेनें ठरविलेली ही रेघ तोफा गंजून गेल्यावरही तेथेंच राहिली आहे.

त्यानंतर १८१९ सालीं सावंतवाडी दरबाराशीं झालेल्या तहानें इंग्रजांनीं कर्लीच्या खाडीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतचा किनारा आपल्याकडे घेतला. वेंगुर्लें त्यांनीं १८१२ सालींच घेतलेलें होतें. आतां शिरोडें आणि रेडीही इंग्रजी झालीं. थोडें आंत, नदीच्या वरच्या अंगास, आरोंदा सावंतवाडी संस्थानांत राहिलें, आणि मुखाचे दोन्ही तीर पोर्तुगीज. एका लहानशा नदीवर तीन राजवटी झाल्या. दोन्ही तीरांवरच्या माणसांची बोली, सण आणि सोयरिकी मात्र पूर्वीं होत्या तशाच एकमेकांत गुंतलेल्या राहिल्या.

किल्ल्यानें पुढें एक भीषण प्रसंग पाहिला. बर्नार्दु पेरिश द सिल्वा हा गोमंतकीय गृहस्थ १८३५ च्या जानेवारींत गोव्याचा मुख्य अधिकारी म्हणून आला. गोव्याच्या भूमींत जन्मलेल्या माणसास हें पद मिळण्याची ती पहिलीच वेळ. लष्करास व वरिष्ठ वर्गास तें सोसलें नाहीं, आणि तीन आठवड्यांच्या आंतच त्यास पदच्युत करण्यांत आलें. त्याच वर्षीं त्याच्या पक्षाच्या लोकांनीं तेरेखोलच्या किल्ल्याचा आश्रय केला असतां लष्करानें तेथें कत्तल केली. प्रवाशांसाठीं लिहिलेल्या कित्येक माहितीपत्रकांत हा प्रसंग १८२५ सालचा म्हणून दिलेला आढळतो. पेरिश द सिल्वा अधिकारावर आला तेंच १८३५ सालीं, तेव्हां तो आंकडा दहा वर्षांनीं चुकलेला आहे हें उघड आहे. आज किल्ल्यांत सेंट अँथनीचें छोटें चर्च आहे. गेल्या कांहीं दशकांत किल्ल्याच्या जुन्या खोल्यांचा उपयोग हॉटेल म्हणूनही झाला. तेथून सूर्यास्त पाहणाऱ्या पाहुण्यांस तटाखालच्या रक्ताची वार्ता बहुधा नसते.

सीमा म्हणजे राजांची हद्द, एवढाच तिचा अर्थ नसतो. सामान्य माणसास ती मुख्यतः जकातीच्या रूपानें भेटते. २६ डिसेंबर १८७८ रोजीं इंग्रज व पोर्तुगीज सरकारांनीं एक करार केला. १८८० पासून बारा वर्षें दोन्ही मुलुखांमधील जकातीचे नाके उठले, आणि त्या बदल्यांत गोव्याच्या मिठाचा ताबा इंग्रजांनीं घेतला. भरपाई म्हणून पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लाख रुपये मिळत. कागदावर हा सौदा दोघांनाही सोयीचा दिसतो. पण मिठागरावर पोट असलेल्या गोमंतकीयाच्या दृष्टीनें पाहिलें तर, सीमा नाहींशी झाली त्याच दिवशीं त्याच्या आगरावर परक्या सरकारचा पहारा बसला. १८९२ सालीं कराराची मुदत संपली आणि नाके पुन्हा उभे राहिले.

मिठाचा हा धागा सायकलस्वाराच्या वाटेवर पुढेंही सांपडतो. वेंगुर्ल्याहून निघून आरवलीच्या वेतोबाचें देऊळ मागें टाकल्यावर शिरोडें लागतें. तेथील मिठागरांवर १९३० च्या मे महिन्यांत मोठा सत्याग्रह झाला, आणि महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून माणसें त्यासाठीं या कोपऱ्यांत आलीं. वि. स. खांडेकर त्या काळीं शिरोड्याच्या शाळेंत शिक्षक होते. १९२० पासून १९३८ पर्यंत ते तेथें राहिले. पहाटे वेंगुर्ल्याहून निघालेल्यानें शिरोड्यास चहासाठीं थांबावें आणि आगरांकडे एक फेरी मारावी. घाई करून तेरेखोलला लवकर पोंचण्यांत फायदा नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

सीमेचा खरा जाच सुरू झाला तो इंग्रज गेल्यावर. १५ ऑगस्ट १९५४ रोजीं आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालीं गोमंतकीय सत्याग्रहींची एक तुकडी तेरेखोलच्या किल्ल्यांत शिरली व तिनें तेथें तिरंगा फडकविला. नदीचें मोठें पात्र आड नसल्यानें गोव्याचा हा तुकडा उत्तरेकडून पायीं गांठतां येत होता. पोर्तुगिजांनीं ज्या हेतूनें हा किल्ला दोनशें वर्षें राखला, तो हेतु येथें त्यांच्यावरच उलटला. दुसऱ्या वर्षीं त्याच तारखेस हजारो सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनीं गोव्याच्या हद्दींत शिरले, त्यांच्यावर गोळीबार झाला आणि अनेकांस हौतात्म्य आलें. त्यानंतर भारत सरकारनें पोर्तुगालशीं संबंध तोडून सीमा बंद केली. ज्यांच्या लेकी पलीकडे दिलेल्या होत्या, ज्यांचीं शेतें एका तीरावर व घर दुसऱ्या तीरावर होतें, त्यांस हीं सहा वर्षें कशीं गेलीं असतील याची कल्पना नकाशा देत नाहीं.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. त्या दिवशीं सकाळीं भारतीय सैन्य बेतीकडून मांडवी ओलांडून पणजींत गेलें, तेंही होड्यांतूनच. सीमा आतां पुसली जाईल असें पुष्कळांस वाटलें. परंतु १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलांत गोव्यानें महाराष्ट्रांत विलीन न होण्याचा निर्णय दिला. पेडणें तालुक्यांत विलीनीकरणाच्या बाजूचीं मतें अधिक होतीं. सबंध गोव्याचा कौल मात्र उलट पडला. १९८७ सालीं गोवा घटकराज्य झाला आणि आलोर्णच्या मार्क्विसनें ओढलेली रेघ भारतीय संघराज्यांतील दोन राज्यांची सीमा म्हणून कायम झाली. आज तिचा जाच नाहीं. नाक्यावर चौकशी होते ती मुख्यतः गोव्याकडून येणाऱ्या दारूची, आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या सायकलस्वारास तिचें भय असण्याचें कारण नाहीं.

पूर्वीं या वाटेनें पणजी गांठणाऱ्यास तीन तरी लागत. तेरेखोलनंतर शापोरा नदीवर चोपडें-शिवोलीची, आणि शेवटीं मांडवीवर बेतीची. शिवोलीस पूल झाला. मांडवीवरही झाला, १९८६ सालीं कोसळला, आणि पुन्हा नवा झाला. बेतीची फेरीबोट अजून चालते, पण तिच्यावांचून अडत नाहीं. अडतें तें तेरेखोलपाशींच.

येथें मुखाशीं वाळूचे पट्टे आहेत, आणि ओहोटी फार उतरली म्हणजे फेरीबोटीस नेहमींच्या उतारावर लागतां येत नाहीं. म्हणून बेत आंखतांना पंचांग जवळ असावें. भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत अशी कीं तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां, पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. त्यापुढें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. शुक्ल व कृष्ण दोन्ही पक्षांस हिशेब एकच, आणि अर्ध्या तासाचा इकडे तिकडे फरक धरून चालावें. सूर्योदयापूर्वीं वेंगुर्लें सोडून, वाटेंत थांबत थांबत, सुमारें तीस किलोमीटरवरील तेरेखोलला साडेनऊ-दहास येणाऱ्यानें द्वादशी ते चतुर्दशी हे दिवस धरावे. पाणी वर असतें. पंचमी-षष्ठीस त्याच वेळीं ओहोटी तळाशीं गेलेली असते. चंद्रोदय पाहण्याच्या हौसेनें कित्येक लोक पौर्णिमेस तेरेखोलचा सूर्यास्त गांठतात. त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं उधाणाच्या दिवशीं भरती मोठी तशी ओहोटीही मोठी असते आणि ती नेमकी संध्याकाळीं साडेपांचच्या सुमारास येते. डिसेंबरांत त्यानंतर उजेड फार वेळ राहत नाहीं, आणि पणजी अजून चाळीसएक किलोमीटर दूर असते.

इतकें करूनही तर चुकलीच तर परत फिरून नदीच्या वरच्या अंगास आरोंद्याकडे जावें. आरोंदा आणि पलीकडचें किरणपाणी यांच्यामध्यें पूर्वीं तर होती. आतां पूल झाला आहे. वळसा मोठा पडतो, पण वाट माडांच्या सावलींतून जाते. या ठिकाणीं मात्र एक तीर महाराष्ट्राचा व दुसरा गोव्याचा आहे, आणि सीमा खरोखरच नदीच्या पात्रांतून जाते.