सागवानी जहाज आणि आगाशीचे मंदिर

इंग्लंडमधील हार्टलपूल या गावी जुन्या गोदीत सागरी संग्रहालय आहे. काही वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो असता ते पाहण्याचा योग आला. तेथील ‘ट्रिंकोमाली’ हे शिडाचे लढाऊ जहाज आपल्या मुंबईत बांधलेले! वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांनी मलबारी सागवानातून ते घडविले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले. दोनशे वर्षे उलटूनही ते तरंगते आहे. त्याच्या लाकडावर हात ठेवताना अभिमान वाटला आणि रुखरुखही लागली. परक्यांनी आपले जहाज जपले. आपल्या किनाऱ्याच्या स्मृती आपण किती जपल्या?

आपला वसई परिसर दर्यावर्दींचा. सोपारा हे प्राचीन बंदर. सोळाव्या शतकात आगाशी जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होती, म्हणूनच १५३०-३१ च्या सुमारास पोर्तुगीजांनी तिच्यावर हल्ले केले. त्या गोदीची आठवण सांगणारा फलकही आज दिसत नाही. सागरी व्यापाराची साक्ष देते ते आगाशीचे श्री मुनिसुव्रतस्वामी मंदिर. प्रभूंची मूर्ती सोपाऱ्याच्या तळ्यात मिळाली आणि शेठ मोतीशहा यांनी मंदिर उभारले, अशी परंपरा आहे.

शेठ मोतीचंद अमीचंद उपाख्य मोतीशहा (१७८२-१८३६) हे ‘ट्रिंकोमाली’च्याच काळातील मुंबईचे जहाजमालक. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर, शत्रुंजयावरील मोतीशहा टूक, १८३४ मध्ये स्थापन झालेली मुंबईची पांजरापोळ ही त्यांच्या औदार्याची स्मारके होत. टुकेची प्रतिष्ठा पाहण्यापूर्वीच त्यांचे देहावसान झाले. ते कार्य सुपुत्र खीमचंद यांनी पूर्ण केले.

येथे एक अप्रिय गोष्ट नमूद करणे कर्तव्य वाटते. जमशेटजी जीजीभाई यांच्या भागीदारीत शेठजींचा चीनशी जो व्यापार चाले, त्यात कापसाबरोबर अफूही होती. आपल्या शास्त्रात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. विषवाणिज्य त्यांपैकीच एक. गौरवग्रंथांतून हे सहसा लिहिले जात नाही. परंतु जमेची बाजू भरून नावेची कोरी ठेवली तर त्या खतावणीस कोण मानील? प्रतिक्रमण करणाऱ्या समाजाने इतिहासाकडेही त्याच दृष्टीने पाहावे. त्याने शेठजींचे दान लहान होत नाही; मात्र मार्गानुसारीच्या पस्तीस गुणांत ‘न्यायसंपन्न वैभव’ प्रथम का ठेवले, ते उमगते. आम्हा व्यापाऱ्यांना, आणि देणग्या स्वीकारणाऱ्या प्रत्येक संस्थेला, हा विचार आजही लागू आहे.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विश्वस्तांना एक नम्र सूचना कराविशी वाटते. घरोघरी माळ्यावर पडलेल्या जुन्या चोपड्या, पत्रे व छायाचित्रे एका खोलीत एकत्र करावीत आणि त्यांतील बरे-वाईट दोन्ही जसेच्या तसे जपावे. पुढील पिढीला आपला इतिहास पाहण्यासाठी सातासमुद्रापार जावे लागू नये.

अजाणतेपणी कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!