टाइडपूल
टाइडपूल : ब्रिटनच्या ‘रॉयल फ्लीट ऑक्झिलरी’ या नौदल-साहाय्यक दलाचे तेलवाहू जहाज. टाइन नदीकाठच्या हेबर्न येथे बांधलेल्या या जहाजाचे जलावतरण १९६२ मध्ये झाले व १९६३ मध्ये ते सेवेत आले. मार्गस्थ युद्धनौकांना नळ्यांद्वारे इंधन पुरविणे हे त्याचे मुख्य कार्य. खर्चकपातीच्या धोरणामुळे ते चिलीस विकण्यात आले. परंतु एप्रिल १९८२ मध्ये ते हस्तांतरणासाठी चिलीला गेले असतानाच अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे व्यापली. सुमारे १३,००० किमी. दूरच्या या मोहिमेत तेलवाहू जहाजांवाचून आरमाराचा निभाव लागणे अशक्य होते. त्यामुळे चिलीच्या संमतीने टाइडपूल पुन्हा ब्रिटिश सेवेत आले. युद्धानंतर त्याच वर्षी ते चिलीच्या स्वाधीन झाले आणि ‘आल्मिरांते होर्हे मोंत’ या नावाने १९९० नंतरच्या दशकापर्यंत सेवेत राहिले.