डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३

व्यक्तीच्या डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीला संरक्षण देणारा भारतीय कायदा. के. एस. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा सादर केला. २०१९ चे विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले व २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. नव्या विधेयकाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली.

कायद्याचा गाभा संमती हा आहे. ती मुक्त, स्पष्ट आणि कामापुरतीच असावी लागते. डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधील संपर्कयादी मागितली आणि ग्राहकाने होकार दिला, तरी सल्ल्यासाठी ती यादी लागत नसल्याने तेवढ्यापुरता तो होकार ग्राह्य धरला जात नाही. संमती देण्याइतकेच ती मागे घेणेही सोपे हवे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय बंधनकारक आहे. त्यांत मराठी व कोकणीही येतात. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. सुरक्षेतील हलगर्जीपणाबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सरकारी यंत्रणांना दिलेल्या व्यापक सवलती आणि या कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल यांवर मात्र गंभीर आक्षेप आहेत. नागरिकाचा खाजगीपणा सरकारपासूनही जपला गेला, तरच या हक्काला पूर्ण अर्थ येतो.