करंगळीएवढी फट

प्राणाचं महत्त्व पटवताना प्रश्नोपनिषदात मधमाश्यांचा दाखला येतो. त्यांचा राजा वर उठला की साऱ्या माश्या उठतात, तो बसला की बसतात. मोहोळ उठताना कुणीतरी नीट पाहिलं होतं यात शंका नाही. फक्त राणीला राजा समजला. ॲरिस्टॉटलनंही तिला राजाच म्हटलं होतं. 1609 मध्ये चार्ल्स बटलर या इंग्रज पाद्र्यानं आपल्या पुस्तकाच्या नावातच मधमाश्यांच्या राज्याला ‘बायकांचं राज्य’ म्हणून टाकलं, आणि त्याच शतकात स्वामरडॅम या डच शास्त्रज्ञानं ‘राजा’ चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पोटात अंडाशय निघालं.

पण राणी आहे हे कळून पाळणाऱ्याचा फायदा काय? ती दिसायलाच तयार नव्हती. युरोपात मधमाश्या पाळायच्या त्या गवताच्या पेंढ्या वळून केलेल्या, उपड्या टोपलीसारख्या घरात. पोळी आतल्या भिंतींना घट्ट चिकटलेली. मध हवा तर पोळं कापायचं, आणि कापायचं तर आधी माश्या मारायच्या. पावसाळ्यात फुगलेली खिडकी निघत नाही म्हणून घरच पाडण्यातला हा प्रकार. शरदात टोपल्या उचलून वजनाचा अंदाज घेत. सर्वांत जड टोपली मधासाठी, आणि सर्वांत हलकी कारण ती हिवाळा काढणार नाही म्हणून, अशा दोन्ही गंधकाच्या धुरीवर जात. मधल्या वजनाच्या तेवढ्या वाचत.

पोळ्याच्या आत पहिल्यांदा धड डोकावला तो एक आंधळा माणूस. जिनिव्हाच्या फ्रांस्वा ह्यूबरची दृष्टी तरुणपणीच गेली होती. त्यानं पुस्तकाच्या पानांसारख्या उलगडणाऱ्या चौकटींचं घर करवून घेतलं. ब्युर्नां हा त्याचा नोकर पाहायचा, ह्यूबर विचारायचा, पुन्हा पाहायला लावायचा. राणीचं मीलन घराबाहेरच होतं, हे या जोडीनं प्रयोगानं दाखवलं. 1792 मध्ये ही निरीक्षणं छापून आली. मात्र ते घर अभ्यासकाचं. रोजच्या धंद्यात पानं मिटताना माश्या चिरडायच्या.

खरी कलाटणी दिली ती एका फटीनं. फिलाडेल्फियाचे पाद्री लोरेंझो लँगस्ट्रॉथ यांना नैराश्याचे झटके येत आणि माश्यांत त्यांचं मन रमे. पोळी ज्यांना लोंबतात त्या पट्ट्या आणि घराचं झाकण यांच्यात सुमारे 9 मिलिमीटर जागा सोडली की झाकण सहज निघतं, हे त्यांनी पाहिलं होतं. फट याहून फारच अरुंद असेल तर माश्या ती राळेनं बुजवतात, रुंद असेल तर तिथे जादा पोळं बांधतात. मधल्या मापाला मात्र येण्याजाण्याची वाट समजून सोडून देतात. 1851 च्या शरदात त्यांना सुचलं की हीच फट चौकटीच्या चारही बाजूंनी ठेवली तर? मग चौकट भिंतीला चिकटणारच नाही. 1852 मध्ये पेटंट मिळालं. नकला इतक्या झाल्या की त्यातून पैसा असा हाती लागला नाही.

चौकट सुटी झाली आणि बाकीचं भराभर जुळलं. 1857 मध्ये मेहरिंग नावाच्या एकानं मेणाच्या पत्र्यावर षटकोन ठसवून माश्यांना आयता पाया दिला. 1865 मध्ये हृश्का या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यानं चौकटी गरगर फिरवून मध काढायचं यंत्र दाखवलं. पोळं शाबूत राहिलं, म्हणजे मेणासाठी माश्यांचा खर्ची पडणारा मध वाचला. खाली पिलावा, म्हणजे अंडी आणि अळ्या, वर मधाची कोठी आणि मध्ये राणी न मावणारी जाळी, अशी घराची मांडणी बसली.

चौकटी उचलून पाहता येत असल्यानं आता मोहोळ उठायच्या, म्हणजे थवा घर सोडून जायच्या, आधीच सुगावा लागू लागला. गर्दी वाढली की पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरं लोंबू लागतात. उपनिषदातली दुसरी चूक इथे उघडी पडते: पुढाकार राणीचा नसतोच. कामकरी माश्या तिचं खाणं तोडून तिला रोडावतात, उडण्याजोगी करतात, स्वतः पोटभर मध भरून घेतात आणि जुन्या राणीला घेऊन निघतात. 1892 मध्ये केंटकीच्या जॉर्ज डेमरीनं उपाय सांगितला: राणी खाली ठेवायची, पिलाव्याच्या चौकटी जाळीच्या वर न्यायच्या. खाली जागाच जागा होते, उठायचं कारण उरत नाही.

महाराष्ट्रात पेटीत राहणारी देशी माशी म्हणजे मुख्यतः सातेरी. आग्या माशी उघड्यावरची, पेटी तिला चालत नाही. सातेरी युरोपी माशीहून लहान, म्हणून पेटीही लहान आणि फटही अरुंद. राळ ती गोळाच करत नाही. त्यामुळे चौकटी सहज सुटतात, पण घर सोडून जायची तिची खोड मोठी. खाणं आटलं, मुंग्या लागल्या की सगळी वसाहतच निघून जाते. म्हणून पाळणारे पेटीच्या दारावर बारीक फटींचं राणीफाटक लावतात. कामकरी ये-जा करते, राणी अडते. थवा बाहेर पडून घोंघावतो, आणि राणी आली नाही हे कळलं की मुकाट्यानं परततो. मात्र राणी नवी, कुमारी असेल तर ते फाटक आठवणीनं काढून ठेवावं लागतं. तिचं लग्न बाहेर, हवेतच लागायचं असतं.