सेशनच्या नोंदी व त्यांची लिपी

वेबचा मूळ संकेत असा की, एका विनंतीची आठवण दुसऱ्या विनंतीच्या वेळी सर्व्हरजवळ उरत नाही. नेटस्केपमधील लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये योजिलेल्या कुकीने ही उणीव भरून काढली. ब्राउझरपाशी केवळ ओळखक्रमांक व सर्व्हरपाशी त्याखालील नोंद, अशी वाटणी पुढे रूढ झाली.

परंतु एकाच संस्थळाचा एक भाग पीएचपीत व दुसरा पायथनमध्ये असला, तर वापरणाऱ्यास दोनदा परवलीचा शब्द देण्याची पाळी येई. नोंदींसाठी सामायिक जागा मेमकॅश्ड (२००३) व रेडिस (२००९) यांनी दिली खरी. अडचण मात्र जागेची नव्हती, लिपीची होती. पीएचपी प्रत्येक मूल्याचा प्रकार व शब्दाची लांबी आपल्या धाटणीने नोंदते. पायथनचे 'पिकल' ही तर वस्तू पुन्हा घडविण्याच्या सूचनांची मालिकाच होय. दप्तर एकच, पण मोडी जाणणाऱ्याच्या हाती फारसी कागद यावा, तसा हा प्रकार.

ही कोंडी जेसनने फोडली. तथापि ती सामायिकतेच्या ओढीने फुटली, असे निदान जँगोच्या बाबतीत म्हणता येत नाही. जँगोने २०१३ मध्ये सेशनसाठी पिकलऐवजी जेसन स्वीकारले ते भयापोटी. सेशन कुकीतच ठेवले असता गुप्त किल्ली फुटली, तर बनावट नोंद वाचताना परक्याच्या सूचना सर्व्हरवर पार पडू शकत. परभाषांशी व्यवहार सुलभ झाला, तो आनुषंगिक लाभ. त्याची किंमतही पडली: जेसनला दिनांक हा प्रकारच ठाऊक नाही, तो शब्दरूपाने जातो, आणि कसा वाचावा हे दोन्ही बाजूंना आधी ठरवून घ्यावे लागते.