‘टेरर’ : उखळी तोफांपासून ध्रुवीय बर्फापर्यंत

ब्रिटिश आरमाराचे ‘एच.एम.एस. टेरर’ हे शिडाचे जहाज २९ जून १८१३ रोजी इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या टॉप्शम येथे पाण्यात उतरवण्यात आले. लांबी सुमारे १०२ फूट, रुंदी २७ फूट आणि वहनक्षमता ३२५ टन. त्या काळच्या मोठ्या युद्धनौकांपुढे ते लहानच होते. पुढे दोन्ही ध्रुवांकडच्या समुद्रांत त्याने नाव कमावले, पण त्याची बांधणी किल्ल्यांवर बाँबगोळे फेकण्यासाठी झाली होती.

‘टेरर’वर १३ इंची आणि १० इंची अशा दोन उखळी तोफा होत्या. उखळी तोफ गोळा उंच उडवून तटाच्या पलीकडे टाकते. गोळा सुटताच तिचा मोठा धक्का खाली, जहाजाच्या तळावर बसतो. हा मार सोसण्यासाठी अशा जहाजांत जाडजूड तुळया घालत आणि तोफेखालचा भाग विशेष भक्कम करत. पोट रुंद असल्यामुळे त्यांत सामानही भरपूर मावे. गती मात्र बेताची असे. हेच गुण पुढे बर्फाळ समुद्रात उपयोगी पडले. चहूकडून दाबणाऱ्या बर्फाला तोंड द्यायला मजबूत सांगाडा हवा आणि दोन-तीन वर्षांची शिधासामग्री वाहायला मोठे पोट हवे. त्यामुळे ध्रुवीय मोहिमेसाठी जहाज निवडताना ब्रिटिश आरमार पुन्हापुन्हा या वर्गाकडे वळले.

१८१२ साली सुरू झालेल्या ब्रिटन-अमेरिका युद्धात ‘टेरर’ने ऑगस्ट १८१४ मध्ये कनेक्टिकटमधील स्टोनिंग्टनवरच्या माऱ्यात भाग घेतला. पुढच्याच महिन्यात बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर रात्रभर बाँबगोळे पडत होते. ते फेकणाऱ्या जहाजांतही ‘टेरर’ होते. हा मारा पाहून फ्रान्सिस स्कॉट की याने लिहिलेले काव्य पुढे अमेरिकेचे राष्ट्रगीत झाले. युद्ध संपल्यावर जहाज बरीच वर्षे गोदीत पडून राहिले. १८२८ साली त्याला पुन्हा समुद्रावर काढले, तेव्हा लिस्बनजवळ ते किनाऱ्याला लागून जायबंदी झाले.

१८३६ साली कॅप्टन जॉर्ज बॅकच्या हाताखाली ‘टेरर’ हडसन उपसागराच्या उत्तरेकडे निघाले. कॅनडाच्या उत्तर किनाऱ्याचा नकाशा पुरा करणे हा हेतू होता. परंतु साउदॅम्प्टन बेटाजवळ बर्फाने जहाजाला गाठले आणि सुमारे दहा महिने सोडले नाही. सरकत्या बर्फाने ते कधी एका अंगावर कलंडवले, तर कधी पाण्याच्या पातळीच्या कितीतरी वर उचलून धरले. १८३७ च्या उन्हाळ्यात सुटका झाली, तेव्हा मागचा भाग खिळखिळा होऊन आत पाणी शिरत होते. खलाशांनी जहाजाभोवती साखळदंड आवळले आणि पंप मारत अटलांटिक ओलांडला. बुडू नये म्हणून आयर्लंडच्या लॉक स्विली खाडीत ते रेतीवर चढवावे लागले. मोहीम फसली, जहाजाची कसोटी मात्र लागली आणि तीत ते उतरले.

दुरुस्तीनंतर १८३९ साली त्याला दक्षिणेकडे पाठवण्यात आले. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप आणि दक्षिण चुंबकीय ध्रुवाचा शोध या कामासाठी निघालेल्या मोहिमेचे नेतृत्व जेम्स क्लार्क रॉसकडे होते. रॉस ‘एरेबस’ या दुसऱ्या जहाजावर होता, ‘टेरर’चा कप्तान होता आयरिश अधिकारी फ्रान्सिस क्रोझियर. जानेवारी १८४१ मध्ये दोन्ही जहाजे केवळ शिडांच्या बळावर बर्फाचा पट्टा फोडून पलीकडच्या मोकळ्या समुद्रात शिरली. तो आज रॉस समुद्र म्हणून ओळखला जातो. तिथे धूर ओकणारा ज्वालामुखी दिसला. त्याला ‘एरेबस’चे नाव मिळाले आणि शेजारच्या थंड पडलेल्या पर्वताला ‘टेरर’चे. त्यापुढे बर्फाचा उभा तट पसरला होता. चुंबकीय ध्रुव किनाऱ्यापासून आत जमिनीवर असल्याने तेथवर जहाजाने पोचणे शक्य नव्हते. पुढच्या वर्षी मोहीम ७८ अंश दक्षिण अक्षांशापलीकडे गेली. मार्च १८४२ मध्ये हिमनग चुकवताना दोन्ही जहाजे एकमेकांवर आदळली, तरीही १८४३ साली ती मायदेशी परतली. ‘एरेबस’वरचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर नंतर हिमालयात हिंडला. भारतातील वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ त्याच्याच संपादनाखाली निघाला.

दक्षिणेकडच्या मोहिमेच्या यशामुळे १८४५ साली जहाजांची हीच जोडी वायव्य मार्ग शोधण्यासाठी निवडली गेली. अटलांटिकमधून कॅनडाच्या उत्तरेने पॅसिफिकमध्ये नेणारा हा मार्ग युरोपीय दर्यावर्दी शतकानुशतके धुंडाळत होते. आता दोन्ही जहाजांत वाफेची इंजिने आणि वर उचलून घेता येणारे पंखे बसवले. नाळेवर लोखंडी पत्रा ठोकला. तीन वर्षे पुरेल इतके अन्न भरले. त्यात डबाबंद मांसाचे हजारो डबे होते. मोहिमेचा प्रमुख सर जॉन फ्रँकलिन, ‘टेरर’चा कप्तान पुन्हा क्रोझियर. १९ मे १८४५ रोजी जहाजांनी टेम्स नदी सोडली. ग्रीनलंडहून काही जण परत पाठवल्यावर १२९ माणसे पुढे गेली. जुलैअखेर देवमाशांची शिकार करणाऱ्यांना ती बॅफिन उपसागरात दिसली. त्यानंतर कोणाही युरोपीय माणसाने ती पाहिली नाहीत.

पहिला हिवाळा बीची बेटावर गेला. तेथे तिघांना पुरले. त्यांतला जॉन टोरिंग्टन ‘टेरर’वरचा होता. सप्टेंबर १८४६ मध्ये किंग विल्यम बेटाच्या वायव्येला बर्फाने जहाजे जखडली आणि पुढचा उन्हाळा आला तरी सोडली नाहीत. जून १८४७ मध्ये फ्रँकलिन वारला. २२ एप्रिल १८४८ रोजी १०५ जण जहाजे सोडून क्रोझियरच्या नेतृत्वाखाली दक्षिणेकडील बॅक नदीच्या दिशेने चालू लागले. बॅक म्हणजे ‘टेरर’चा जुना कप्तान, नदीला त्याचेच नाव होते. हा मजकूर लिहिलेला कागद १८५९ साली दगडांच्या राशीत सापडला. निघालेल्यांपैकी एकही जण वाचला नाही.

त्यांचे काय झाले हे तिथल्या इन्युइट लोकांना ठाऊक होते. १८५४ साली शोधप्रवासी जॉन रे याने त्यांच्याकडून ऐकलेली हकिकत इंग्लंडला कळवली : गोरे लोक उपासमारीने मेले आणि शेवटी त्यांनी मेलेल्यांचे मांस खाल्ले. लंडनमध्ये संताप उसळला. चार्ल्स डिकन्सने या साक्षीला खोटे ठरवणारे लेख लिहिले. पुढे सापडलेल्या हाडांवरच्या सुरीच्या खुणांनी इन्युइटांचे सांगणे खरे ठरवले.

जहाजांच्या बाबतीतही तेच झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘एरेबस’ सापडले, ते इन्युइट आठवणींनी दाखवलेल्या परिसरात. ३ सप्टेंबर २०१६ रोजी ‘टेरर’ सापडले; त्याचा दुवा सॅमी कोगविक या इन्युइट रहिवाशाने दिला. बर्फातून वर आलेले डोलकाठीसारखे लाकूड त्याने काही वर्षांपूर्वी पाहिले होते. किंग विल्यम बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा तो उपसागर नकाशात आधीपासूनच ‘टेरर’च्या नावाने होता. जहाज सुमारे २४ मीटर खोल पाण्यात, तळावर सरळ उभे होते. २०१९ साली यांत्रिक कॅमेरे आत सोडले, तेव्हा फळ्यांवर रचलेली ताटे, बाटल्या आणि कप्तानाच्या खोलीतली कपाटे जागच्या जागी दिसली. जहाज सोडले त्या ठिकाणापासून इतक्या दक्षिणेला ते बर्फाबरोबर वाहत आले की त्यावर परत चढलेल्या माणसांनी आणले, यावर अभ्यासकांत चर्चा चालू आहे.

दोन्ही अवशेष आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ असून त्यांची देखभाल कॅनडा सरकार आणि इन्युइट मिळून करतात. ‘टेरर’चा सांगाडा दीडशेहून अधिक वर्षे टिकला, यावरून टॉप्शमच्या कारागिरांचे काम किती पक्के होते ते दिसते. माणसे मात्र नुसत्या भक्कम लाकडावर आणि डबाबंद अन्नावर त्या प्रदेशात तगली नाहीत. तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांचे ज्ञान ब्रिटिश आरमाराने जमेस धरले नाही, ही या मोहिमेची खरी उणीव होती.